मोबाइलवर एक्स्टेन्शन हवंय, म्हणून ब्राउझर बदलावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही कळेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे, त्यामुळे तिथे बातम्या नीट वाचता येतात. बोरिवली ते चर्चगेट प्रवासात त्याच साइटी ४ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर उघडल्या की अर्धा स्क्रीन जाहिरातींनी भरतो, बंद करायची फुली सापडत नाही आणि गर्दीत अंगठा जरा सरकला की भलतंच पान उघडतं. मोबाइलच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येतं का? येत नसेल तर ब्राउझर बदलावा का? बदलला तर इतक्या वर्षांचे बुकमार्क, पासवर्ड आणि बँकेचं काय होईल? आणि शेवटी, आईंच्या फोनवर दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे निरोप येतात, त्यांनाही हाच उपाय चालेल का?

मी गिरगाव, दादर आणि फोर्टमधल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, आणि ओघाने तिथल्या माणसांचे फोनही. या कामाला आता २० वर्षं होत आली. ब्राउझर बदलून दिलेले लोक बरेच आहेत. त्यातले काही महिन्याभरात परत जुन्यावर गेले, ते का गेले हेही मी पाहिलंय. त्या अनुभवावरून सांगतो.

फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही. कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये ही सोय २०१० पासून आहे. अँड्रॉइडसाठी क्रोम २०१२ मध्ये आला, पण फोनवर ती सोय त्याने कधीच दिली नाही. कुठलंही सेटिंग चालू करून ती मिळत नाही, त्यामुळे 'ही गुप्त युक्ती करा' असं सांगणाऱ्या व्हिडिओंच्या मागे लागू नका. फोनची रॅम कमी असते, बॅटरी जपावी लागते, हे कारण काही अंशी खरं आहे. पण ज्या क्रोमियम कोडवर क्रोम उभा आहे, त्याच कोडवर दुसऱ्या लोकांनी फोनवर एक्स्टेन्शन चालवून दाखवली. म्हणून माझं मत असं, की जिची बहुतेक कमाई जाहिरातींतून येते, त्या कंपनीला ही सोय फोनवर आणायची घाई नाही.

मग बदलावा का? तुमच्या बाबतीत माझं उत्तर हो आहे. पण एक गोष्ट मनाशी धरून बदला. ब्राउझर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरा विचार करायचा तो त्यात कुठलं एक्स्टेन्शन घ्यायचं याचा, कारण ते तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतं. चाळीत आपण गावाला जाताना शेजारी चावी ठेवायचो, पण मजल्यावरच्या सगळ्यांकडे एकेक चावी ठेवत नव्हतो. एक्स्टेन्शनचं तसंच आहे. एक घ्या, फार तर दोन. आणि ज्याचं घ्याल त्याची ओळख पटवून घ्या.

अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनसाठी मी आज फायरफॉक्सच सुचवतो. हे मी सवयीच्या प्रेमापोटी म्हणत नाही, कारण फायरफॉक्सनेही एकदा मला अडचणीत आणलं होतं. सुरुवातीपासून अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर बरीच एक्स्टेन्शन चालायची. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी अख्खा ब्राउझर नव्याने बांधून आणला आणि एका अपडेटनंतर हातावर मोजण्याइतकीच एक्स्टेन्शन शिल्लक राहिली. लॉकडाउन चालू होता, कुणाच्या घरी जाता येत नव्हतं, आणि मी ज्यांना ज्यांना फायरफॉक्स बसवून दिला होता त्यांचे फोन सुरू झाले. 'तुम्ही सांगितलं म्हणून घेतला,' हे तेव्हा मी बऱ्याचदा ऐकलं. नशिबाने जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्या शिल्लक राहिलेल्यांत होतं. पुढे १४ डिसेंबर २०२३ ला फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फोनसाठी दार पुन्हा पूर्ण उघडलं आणि पहिल्याच दिवशी चारशेहून अधिक एक्स्टेन्शन उपलब्ध झाली. आज फोनवर मिळणाऱ्यांची संख्या त्याहून पुष्कळ मोठी आहे.

दुसरा पर्याय म्हणून बरेच जण किवी ब्राउझरचं नाव घेतात. तो खरोखर चांगला होता. क्रोमची एक्स्टेन्शन तो फोनवर जशीच्या तशी चालवायचा. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या निर्मात्याने काम थांबवलं आणि प्ले स्टोअरवरून तो निघाला. अजूनही काहींच्या फोनवर तो आहे, काही जण कुठल्यातरी साइटवरून त्याची फाइल उतरवून घेतात. कृपा करून तसं करू नका. ब्राउझरमध्ये दर महिन्याला सुरक्षेच्या नव्या भेगा सापडतात आणि अपडेटमधून बुजवल्या जातात. काम थांबलेल्या ब्राउझरच्या भेगा उघड्याच राहतात, आणि आपण त्यातून बँकेत शिरतो. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनची सोय आली आहे, मात्र निवड अजून मर्यादित आहे. ऑफिसमुळे तुम्ही एज वापरत असाल तर जरूर पाहा. सॅमसंगच्या फोनवर त्यांचा स्वतःचा ब्राउझर असतो, त्यात जाहिराती अडवणारी वेगळी अ‍ॅप जोडता येतात. तीही वाईट नाहीत, पण त्यांचं सामर्थ्य कमी पडतं.

आता एक्स्टेन्शनचं नाव. 'यूब्लॉक ओरिजिन' हे पूर्ण नाव लक्षात ठेवा, 'ओरिजिन'सकट. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये 'यूब्लॉक' सुरू केलं. नंतर त्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपवलं, आणि २०१५ पासून स्वतःची आवृत्ती 'यूब्लॉक ओरिजिन' या नावाने चालू ठेवली. ज्याच्या नावात 'ओरिजिन' नाही, ते वेगळ्याच लोकांचं आहे. हिल कुणाकडून देणगीसुद्धा घेत नाही, त्यामुळे या नावाने पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा. कॉम्प्युटरवर तुमच्याकडे पूर्वी हेच असेल, तर क्रोमने ते बंद केल्याचं तुमच्या लक्षात आलं असेल. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले. पानावर येणारी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनने स्वतः तपासून अडवायची, ही मुभा काढून घेतली आणि नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची पद्धत आणली. जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद होत गेली आणि २०२५ मध्ये ती पूर्ण थांबली. क्रोम वापरणाऱ्यांसाठी 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' ही हलकी आवृत्ती आहे. फायरफॉक्सने जुनी मुभाही ठेवली आहे, म्हणून पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथे आजही चालतं, फोनवरसुद्धा.

बसवायचं असं: फायरफॉक्स प्ले स्टोअरवरूनच घ्या. उघडल्यावर तीन ठिपक्यांच्या मेनूत एक्स्टेन्शनचा पर्याय आहे. तिथे सुचवलेल्यांच्या यादीत यूब्लॉक ओरिजिन वरच दिसेल, त्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबा. 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा पाहण्याची परवानगी' असं काहीसं विचारेल. हे वाचून बऱ्याच जणांचा हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. जाहिरात अडवणाऱ्याला ही परवानगी लागतेच, कारण पान पाहिल्याशिवाय त्यातली जाहिरात ओळखणार कशी? पण नुसतं हवामान दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनने हीच परवानगी मागितली, तर ती देण्याआधी दहादा विचार करा.

एक सेटिंग आवर्जून करा, हे फार कमी लोक करतात. यूब्लॉक ओरिजिनच्या डॅशबोर्डवर, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानावर, फिल्टर याद्यांचं, म्हणजे काय अडवायचं याच्या याद्यांचं, पान असतं. त्यात खाली प्रदेश आणि भाषांचा भाग आहे आणि तिथे भारतीय साइटींसाठी वेगळी यादी आहे. तिच्यासमोर खूण करा आणि बदल लागू करा. मूळ याद्या प्रामुख्याने इंग्रजी साइटी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, त्यामुळे मराठी बातम्यांच्या पानावर मधेच रिकामे चौकोन किंवा एखादी तरंगती पट्टी उरते. ही यादी लावल्यावर फरक जाणवतो. तरीही काही उरलं तर एक्स्टेन्शनच्या चौकटीत विजेच्या रेघेचं चिन्ह आहे. ते दाबून नको असलेल्या भागावर बोट ठेवलं की तो तेवढ्यापुरता नाहीसा होतो.

इथे एक मनापासूनचं म्हणणं. मराठी साइटी चालवणाऱ्या अनेकांचं पोट जाहिरातींवरच आहे. वर्गणी मागणारे थोडे आणि देणारे त्याहून थोडे. जी साइट तुम्ही रोज वाचता आणि जिच्या जाहिराती पान झाकत नाहीत, फसवत नाहीत, तिच्यासाठी यूब्लॉक बंद ठेवा. एक्स्टेन्शनच्या चौकटीतलं मोठं गोल बटण एकदा दाबलं की त्या साइटपुरतं ते बंद राहतं, पुन्हा सांगावं लागत नाही. मी स्वतः काही साइटींसाठी तसं ठेवलंय. वाचकाला भलत्या पानावर ढकलणारी जाहिरात मात्र मी कुणाचीही चालवून घेत नाही.

दुसरं एक्स्टेन्शन घ्यायचंच असेल तर पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन घ्या. रात्री वाचायची सवय असेल तर पानं गडद करणारं डार्क रीडर. पण तुमच्या ४ जीबीच्या फोनवर डार्क रीडरमुळे पानं रेंगाळतील, कारण ते प्रत्येक पानाचे रंग नव्याने मोजतं. माझा सल्ला, नको. खासगी टॅबमध्ये एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही, ती परवानगी वेगळी द्यावी लागते. 'काल चालत होतं, आज जाहिराती आल्या' असं सांगणारे बरेच जण चुकून खासगी टॅबमध्ये असतात.

आता विश्वासाचा भाग, कारण माझी सगळी काळजी तिथे आहे. एक्स्टेन्शन आज चांगलं आहे म्हणून उद्याही चांगलं राहील असं नाही. कॉम्प्युटरच्या क्रोमवर 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, २० लाखांहून अधिक लोक वापरत होते, मीही कित्येक ऑफिसांत बसवून दिलं होतं. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते विकलं, घेणारा कोण हे कुणाला नीट कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक म्हणून स्टोअरवरून काढलं आणि लोकांच्या कॉम्प्युटरवरही बंद केलं. त्या दिवशी मी फोर्टमधल्या चार ऑफिसांत पायी फिरून एकेक मशीन तपासलं. लोकांनी काहीही चूक केली नव्हती. एकदा विश्वासाने चावी दिली, आणि मधल्या मधे चावी धरणारा हात बदलला.

२०२४ च्या डिसेंबरात तर नाताळच्या सुमारास सायबरहेवन या कंपनीचं एक्स्टेन्शन हल्लेखोरांच्या हाती गेलं. ही कंपनीच मुळात डेटा सुरक्षेचं काम करते. तिच्या एका कर्मचाऱ्याला एक्स्टेन्शन स्टोअरच्या नावाने खोटा ईमेल आला, त्याने परवानगी दिली, आणि हल्लेखोरांनी बिघडवलेली आवृत्ती अपडेट म्हणून वापरणाऱ्यांपर्यंत पोचवली. वापरणाऱ्याला काही दाबावं लागलं नाही, अपडेट आपोआप होतं. म्हणून मी संख्येवर इतका अडून बसतो. दहा एक्स्टेन्शन म्हणजे दहा अनोळखी कार्यालयांतल्या माणसांच्या सावधपणावर आपण विसंबलो. फायरफॉक्सच्या यादीत काहींपुढे 'शिफारस केलेलं' असं पदक दिसतं. त्यांची मोझिला स्वतः तपासणी करते. फोनवर त्या पदकाबाहेर जाऊ नका, एवढा नियम मी माझ्या ग्राहकांना घालून दिला आहे. आणि दर दोन-तीन महिन्यांनी यादी उघडून न वापरलेलं काढून टाका.

आता सामान हलवणं. हे रविवारी घरी बसून करा, सकाळच्या लोकलमध्ये करू नका. रविवारी मेगाब्लॉकमुळे तसंही कुठे जायचं नसतं. घाईत केलं की एखादा ओटीपी चुकतो, खातं काही काळ बंद पडतं आणि माणूस ब्राउझरला दोष देतो.

बुकमार्कसाठी कॉम्प्युटरची मदत घ्या. फोनवरचा क्रोम तुमच्या गूगल खात्याशी जोडलेला असेल तर तेच बुकमार्क कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये असतातच. मात्र घरचा कॉम्प्युटर वापरा, ऑफिसच्या मशीनवर स्वतःचे पासवर्ड उतरवू नका. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स घ्या, त्यात क्रोममधून आयात करायचा पर्याय आहे, तो चालवा. मग मोझिलाचं खातं काढून कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीकडे त्याच खात्याने शिरा. फोनवर बुकमार्क उघडले की सुरुवातीला रिकामं दिसेल. घाबरू नका, ते डेस्कटॉप बुकमार्क नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. 'सगळं गेलं' म्हणून मला आलेल्या कित्येक फोनचं उत्तर एवढंच होतं. तुमच्याकडे घरी कॉम्प्युटर नसेल आणि बुकमार्क पन्नासेक असतील, तर खरं सांगतो, लागतील तसे एकेक नव्याने करा. वर्षानुवर्षं साठलेल्यांपैकी रोज लागणारे दहा-बारा निघतात.

पासवर्ड हलवायचीच गरज नाही, असं मी सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. तुमचे पासवर्ड गूगलच्या पासवर्ड व्यवस्थापकात असतील, तर ते क्रोमच्या मालकीचे नसतात, तुमच्या गूगल खात्याचे असतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल, म्हणजे चौकटी आपोआप भरणारी, सेवा म्हणून गूगल निवडलेलं असेल, तर फायरफॉक्समध्येही लॉगिनच्या चौकटीवर बोट ठेवल्यावर तेच पासवर्ड सुचवले जातात. फक्त फायरफॉक्स स्वतःही 'पासवर्ड जतन करू का' विचारतो, ते त्याच्या सेटिंगमधून बंद करा. नाहीतर अर्धे इथे, अर्धे तिथे अशी अवस्था होते आणि सहा महिन्यांनी कुठला खरा ते कळत नाही. पासवर्ड फाइलमध्ये काढून दुसरीकडे घालायची सोयही क्रोममध्ये आहे. पण ती फाइल साधी मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकेल अशी. ती वापरलीत तर काम होताच डाउनलोडमधून आणि कचरापेटीतूनही पुसा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेली अशी फाइल मी एका ऑफिसात पाहिली आहे, आणि फोन दुरुस्तीला द्यायच्या आदल्या दिवशी पाहिली, हे त्यांचं नशीब.

उघडे टॅब हलत नाहीत आणि लॉगिनही हलत नाहीत. प्रत्येक साइटवर पुन्हा शिरावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

बँकेबाबत माझा सल्ला जरा जुन्या वळणाचा आहे. क्रोम काढू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो मुळातच असतो, फार तर बंद करता येतो. त्याला राहू द्या आणि नेट बँकिंग, कर भरणं, सरकारी फॉर्म ही कामं महिनाभर तरी त्यातच करा. त्यात एक्स्टेन्शन चालत नाही हा इथे फायदाच आहे. पैशाच्या पानावर तिसरं कुणी डोकावणार नाही. काही सरकारी फॉर्म फायरफॉक्समध्ये पुढे सरकत नाहीत, कारण करणाऱ्याने ते फक्त क्रोममध्ये तपासलेले असतात. मागे एका अर्जाचं शेवटचं पान मी तीनदा भरलं, तीनदा ते कोरं परत आलं, आणि क्रोममध्ये पहिल्याच फटक्यात गेलं.

कार्डाने पैसे भरताना क्रोम कधीकधी आलेला ओटीपी स्वतः वाचून चौकटीत भरतो. ती सोय फायरफॉक्समध्ये नाही. ओटीपी कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसला तर तिथून घ्या, नाहीतर हाताने टाका. यूपीआयचं बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'लिंक अ‍ॅपमध्ये उघडा' हा पर्याय पाहा. तो 'कधीच नाही'वर असेल तर पैसे देण्याचं अ‍ॅप उघडणारच नाही. तो 'विचारून उघडा'वर ठेवा.

मग फायरफॉक्सला मुख्य ब्राउझर करा: फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप, त्यात डीफॉल्ट अ‍ॅप, त्यात ब्राउझर. हे केलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक लिंक क्रोममध्येच उघडेल आणि तुम्हाला वाटेल, एक्स्टेन्शन चालत नाही. पत्त्याची पट्टी स्क्रीनच्या खाली आणायचा पर्यायही आहे. एका हाताने दांडी धरून उभं राहणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो.

इतकं करूनही काही जाहिराती राहतील. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये लिंक उघडली की ती त्या अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे तुमचं एक्स्टेन्शन पोचत नाही. कोपऱ्यातल्या मेनूतून 'बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा' निवडा. यूट्यूबच्या अ‍ॅपवरही एक्स्टेन्शनचा काही परिणाम होत नाही. अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाची सोय आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), तिथे जाहिराती गाळणाऱ्या डीएनएस सेवेचं नाव टाकता येतं. तिने बऱ्याच अ‍ॅपमधल्या पट्ट्या जातात, यूट्यूबच्या जात नाहीत. मात्र रेल्वे स्टेशनच्या वाय-फायचं लॉगिन पान अडलं तर ती थोडा वेळ बंद करावी लागते.

घरात कुणाकडे आयफोन असेल तर गणित वेगळं आहे. आपल्याकडे आयफोनवरचे क्रोम आणि फायरफॉक्स आतून अ‍ॅपलच्या वेबकिट या पानं दाखवणाऱ्या इंजिनवरच चालतात, आणि आयफोनच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन नाही. तिथे ब्राउझर बदलून उपयोग नाही. आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, सफारीतच एक्स्टेन्शन चालतात, ती अ‍ॅप स्टोअरवरून घ्यायची. यूब्लॉक ओरिजिन लाइट २०२५ मध्ये तिथेही आलं आहे.

ब्राउझर बदलणं आपल्याकडे काही नवीन नाही. मंद इंटरनेटच्या काळात निम्मी मुंबई ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझरवर होती. २९ जून २०२० ला सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी गेला आणि लोक मुकाट क्रोमवर सरकले, कारण तो फोनमध्ये आधीच होता. हे 'आधीच असणं' किती वजनदार आहे ते स्पर्धा आयोगानेही ओळखलं. अँड्रॉइडच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात आपली अ‍ॅप फोनवर आधीच बसवून घेण्याचा मुद्दा होता. म्हणून एकदा तरी ब्राउझर स्वतः निवडून पाहा, असं मी प्रत्येकाला सांगतो. महिन्याभराने क्रोमच बरा वाटला तर खुशाल परत जा. माझ्याकडचे जे परत गेले, ते बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यातल्या लॉगिनना कंटाळून गेले. तो आठवडा काढलेले टिकले.

राहिला आईंचा फोन. तिथे एक्स्टेन्शन हा उपाय नाही, आधी रोग बघू. ते निरोप बहुधा जाहिरातीही नसतात आणि व्हायरसही नसतो. कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि त्यांनी परवानगी देऊन टाकली, कारण त्याशिवाय पान पुढे जात नाही असं वाटलं. तसा एक निरोप बोटाने दाबून धरा, तो कुठल्या अ‍ॅपने पाठवला ते दिसेल. क्रोम दिसला तर क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि परवानगी दिलेल्या अनोळखी साइटी सगळ्या काढा. वेगळंच अ‍ॅप दिसलं, एखादा टॉर्च किंवा फोन स्वच्छ करणारं, तर ते अ‍ॅपच काढा.

त्यानंतर त्यांच्यासाठी ब्रेव्ह नावाचा ब्राउझर घ्या. त्यात जाहिराती अडवणं आतच बांधलेलं आहे, एक्स्टेन्शन निवडायचा प्रश्न नाही, आणि तो क्रोमियमवरच असल्यामुळे दिसायला-चालायला क्रोमसारखाच वाटतो. त्याच्या पहिल्या पानावरची क्रिप्टो आणि बक्षिसांची चिन्हं सेटिंगमधून लपवा, साइटींना नोटिफिकेशन विचारायची परवानगीच बंद करा, आणि क्रोमचं चिन्ह जिथे होतं बरोबर त्याच जागी ब्रेव्हचं चिन्ह ठेवा. त्यांचं बोट सवयीने तिथेच जाईल.